उणे पंधरा अंशांत घरच्यांसाठी गाडी निवडताना
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू तिकडचं काहीतरी उपयोगाचं सांग." मी नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला राहते, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या ग्रुपवर मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न नोकरीचा नाही, पगाराचाही नाही. तो आहे, "काय गं, बर्फात इलेक्ट्रिक गाडी चालते का?" त्यामुळे आज त्याचंच उत्तर देते, म्हणजे पुढच्या मेळाव्यापर्यंत मला शांतता मिळेल.

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, चालते. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. तिथल्या लोकांना थंडी कमी वाजते म्हणून हे झालेलं नाही. सरकारने या गाड्यांवरचा २५ टक्के मूल्यवर्धित कर कित्येक वर्षं माफ केला. २०२३ मध्ये तो फक्त पाच लाख क्रोनरच्या वरच्या रकमेवर लागू केला गेला. शिवाय वीज मुख्यतः धबधब्यांची आणि धरणांची, आणि चार्जिंगची सोय डोंगरातल्या गावांपर्यंत पोहोचलेली. पण "चालते" हे अर्धंच उत्तर झालं. कोणती गाडी, कोणासाठी आणि कोणत्या रस्त्यावर, हा खरा प्रश्न. आमच्या घरी तो ज्या निमित्ताने आला, ते आधी सांगते.

माझी ताई आपल्याच शाळेची, आपल्या पुढे तीन वर्षं. तिच्या तुकडीतले काहीजण आज इथे बसले आहेत. ती ओस्लोला असते. दोन वर्षांपूर्वी तिला आतड्याचा कॅन्सर झाला आणि ऑक्टोबरपासून तिचे उपचार सुरू झाले, म्हणजे ऐन हिवाळा. तिच्या औषधांमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन होतं. या औषधाचा एक विचित्र त्रास असतो, तो म्हणजे थंडी सोसत नाही. थंड वस्तूला बोट लागलं तरी मुंग्या येतात, कळ येते. गार हवा घशात गेली तरी घसा आवळल्यासारखा होतो. आणि आम्ही राहतो कुठे, तर जिथे जानेवारीत डोंगरावर उणे पंधरा अंश असतात.

दर तिसऱ्या आठवड्याला आम्ही तिच्याकडे जायचो, आणि मधल्या बऱ्या दिवसांत तिला आमच्याकडे आणायचो. विमानाने तासाभराचं अंतर आहे, पण डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितलं होतं. राहिला रस्ता. ट्रॉन्डहाइम ते ओस्लो सुमारे पाचशे किलोमीटर, आणि वाटेत दोव्रेफ्येलचं पठार, जिथे रस्ता समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर चढतो. आमची जुनी पेट्रोल गाडी बदलायला आलीच होती. गाडीत मी, माझा नवरा, दोन मुलं आणि ताई, असे पाच जण. एरवी आम्ही रंग आणि डिकी बघून गाडी घेतली असती. या वेळी मी वही घेऊन बसले.

आपल्या विज्ञानाच्या सरांचा नियम आठवतो ना? एकक लिहिलं नाही की उत्तराला शून्य. गाडीच्या दुकानात मला सरांची फार आठवण झाली, कारण तिथे किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांची सर्रास सरमिसळ करतात. आपण सोपं करू. आपल्या वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. बॅटरी ही टाकी, तिच्यात किती युनिटं मावतात ते बघायचं. किलोवॉट म्हणजे नळाची धार, टाकी किती जोरात भरते किंवा रिकामी होते, ते. पुढचं सगळं गणित एवढ्यावर होतं.

समजा, टाकी ७५ युनिटांची आहे. उन्हाळ्यात हमरस्त्यावर शंभर किलोमीटरला १८ युनिटं लागतात, म्हणजे गाडी सुमारे ४१५ किलोमीटर जाईल. कडक थंडीत त्याच रस्त्याला २५ युनिटं लागू शकतात. झाले ३००. शिवाय प्रवासात कोणी टाकी तळाला जाईपर्यंत चालवत नाही, आणि ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं म्हणून शंभरपर्यंत भरतही नाही. १० ते ८० टक्के धरले तर दोन थांब्यांमधलं खरं अंतर उरतं २१०. माहितीपत्रकावरचा मोठा आकडा सोडून द्या आणि हा आकडा वहीत लिहा. युरोपातला तो अधिकृत आकडा प्रयोगशाळेत सुमारे २३ अंश तापमानात काढलेला असतो. आमच्याकडे २३ अंश झाले की लोक समुद्रात पोहायला जातात.

ही ७ युनिटं जास्तीची कुठे जातात? एक तर थंड हवा जड असते. उणे १५ अंशांची हवा २३ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १५ टक्के दाट असते, तेवढा तिचा विरोध जास्त. रस्त्यावर भुसभुशीत बर्फ असेल तर चाकांना आणखी जोर लागतो. बॅटरीतल्या द्रवातून लिथियमचे आयन ये-जा करतात. थंडीत खोबरेल तेल जसं जड होतं तसा तो द्रव दाटतो आणि आतला अडथळा वाढतो. आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऊब. पेट्रोलचं इंजिन एवढी उष्णता वाया घालवतं की आतला हीटर फुकटात चालतो. विजेच्या गाडीत वाया जाणारी उष्णता फार थोडी, म्हणून ऊब बॅटरीतूनच द्यावी लागते.

म्हणून माझ्या वहीतला पहिला प्रश्न होता, गाडीत हीट पंप आहे का? साधा हीटर एक युनिट घेऊन एक युनिटाची ऊब देतो. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला फ्रिज. तो बाहेरच्या हवेतली आणि मोटारीतली उष्णता ओढून आत सोडतो आणि शून्याच्या आसपास एका युनिटात दोन-तीन युनिटांची ऊब देतो. फार कडक थंडीत हा फायदा घटतो, हेही खरं. काही गाड्यांत हीट पंप वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. आमच्यासारख्या प्रवासाला ते पैसे वसूल होतात.

दुसरा प्रश्न, बॅटरी चार्जिंगआधी स्वतःला गरम करते का? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. गार बॅटरीत जोराने वीज भरली तर लिथियम आत शिरण्याऐवजी वरच धातूच्या थरासारखं साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून गाडीचा संगणक स्वतःच धार बारीक करतो. अर्ध्या तासाचा थांबा सहज तासाचा होतो. चांगल्या गाड्यांत नकाशावर चार्जरचं ठिकाण टाकलं की वाटेतच बॅटरी तापायला लागते. मी दुकानदाराला "जास्तीत जास्त किती किलोवॉट?" असं विचारलंच नाही. मी विचारलं, "बाहेर उणे दहा असताना १० ते ८० टक्के व्हायला किती मिनिटं लागतात?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिनिटभराची उंच उडी सांगतं, दुसऱ्याचं आपल्याला किती वेळ बसून राहावं लागेल ते सांगतं.

तिसरा प्रश्न बॅटरीच्या जातीचा. लोह-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी स्वस्त, टिकाऊ आणि अधिक सुरक्षित असते. पण गारठ्यात ती निकेलवाल्या बॅटरीपेक्षा जास्त सुस्तावते. रोज गावात फिरायला आणि रात्री घरी चार्ज करायला ती उत्तम. डोंगर ओलांडून जाणाऱ्या आमच्या कुटुंबासाठी मी निकेलवाली निवडली.

यानंतरचे प्रश्न ताईसाठीचे होते. मागच्या सीटलाही गरम करायची सोय आहे का? एका माणसाची सीट गरम ठेवायला शंभर वॉटच्या आत वीज लागते, अख्खी गाडी तापवण्यापेक्षा कितीतरी कमी. दाराचं हँडल पत्र्यात बुडालेलं आहे की हाताने धरून ओढता येतं? बुडालेली हँडलं दिसायला देखणी, पण पावसानंतर गारठा पडला की बर्फाने चिकटून बसतात, आणि ताईला तर गार धातूला हातही लावायचा नव्हता. घरातून निघण्याआधी फोनवरून गाडी आतून तापवता येते का? बंद गॅरेजमध्ये पेट्रोल गाडी सुरू ठेवणं म्हणजे विषारी धुराशी खेळ. विजेच्या गाडीला धूरच नाही, आणि ती भिंतीच्या प्लगला लावलेली असेल तर ही ऊब बॅटरीतूनही जात नाही. ताई घराच्या उबेतून थेट गाडीच्या उबेत बसायची, मधे गार सीट नाही, गार पट्टा नाही. चार्जिंग सुरू असतानाही हीटर चालू राहतो, त्यामुळे थांब्यावर तिला उतरावंच लागायचं नाही. आम्ही मुलांना घेऊन पाय मोकळे करायचो, आणि ती पांघरूण घेऊन आत गाणी ऐकत बसायची.

आता तुमच्या मनातली भीती. बर्फात अडकलो तर? दोव्रेफ्येलवर वादळ आलं की रस्ता बंद करतात, किंवा बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागे सगळ्यांना रांगेने नेतात. तास-दोन तास थांबावं लागतं. माझी आई हेच विचारून मला रोज फोन करायची. तिला मी गणित घालून दाखवलं. आतली ऊब टिकवायला साधारण २ किलोवॉट लागतात. दहा तास अडकलो तर २० युनिटं. टाकी अर्धी असेल तर ३७ युनिटं शिल्लक असतात. म्हणून आमचा घरचा नियम एवढाच, की पठार चढायला सुरुवात करायची ती अर्ध्याहून जास्त टाकी असतानाच. चढाला वेगळी वीज लागते, पण ती वाटते तितकी नाही. सामानासकट अडीच टनांची गाडी हजार मीटर वर न्यायला सुमारे ७ युनिटं पुरतात, आणि उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून त्यातली बरीचशी परत मिळतात. मात्र बॅटरी गार किंवा पूर्ण भरलेली असेल तर ती फारशी परत घेत नाही. आई म्हणाली, "गणित बरोबर असेल, तरी पांघरुणं आणि थर्मास घेऊन जा." आम्ही दोन्ही घेऊन गेलो. आईचं म्हणणंही तंतोतंत बरोबर होतं.

टायरवर पैसे वाचवू नका, हे मात्र हात जोडून सांगते. विजेची गाडी जड असते आणि पायाखाली जोर लगेच मिळतो, बर्फावर त्याचा फायदा नसून धोका आहे. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी सुटायला मदत करते, थांबायला करत नाही. थांबवतात ते हिवाळी टायर. आणि छतावर पेटारा लावलात तर वहीतला २१० चा आकडा आणखी खाली आणा. म्हणून पाच जणांचं सामान आणि मुलांच्या स्की आत मावतील अशीच गाडी बघितली.

तिथल्या मोटारचालकांची एनएएफ नावाची संघटना २०२० पासून दर हिवाळ्यात बाजारातल्या गाड्या एकाच रस्त्याने, पार बंद पडेपर्यंत चालवून बघते. कोणती गाडी कागदावरच्या आकड्यापेक्षा किती कमी गेली, ते जाहीर होतं. काही थोड्याच कमी भरतात, काही बऱ्याच. मी ते निकाल वाचले, दोन गाड्या निवडल्या, आणि त्यातली एक शनिवार-रविवार भाड्याने घेऊन त्याच रस्त्याने ओस्लोला जाऊन आले. जूनमधली दुकानाभोवतीची चक्कर काहीच सांगत नाही. कोणती गाडी घेतली हे मी मुद्दामच सांगत नाही, कारण मॉडेल दरवर्षी बदलतात, प्रश्न बदलत नाहीत.

तुमच्यातले काहीजण आता हिमाचल-लडाखला विजेची गाडी न्यायचं म्हणताहेत. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून लाहौलचा रस्ता हिवाळ्यातही गाठता येतो. उंचीवर पेट्रोल इंजिनाला श्वास लागतो, विजेच्या मोटारीला विरळ हवेने काही फरक पडत नाही. पण चार्जर कुठे आहेत ते आधी फोन करून बघा, आणि माझे पहिले दोन प्रश्न दुकानात विचाराच. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याची मात्र फार चिंता नको. ४० अंशांवरून २५ वर आणायला १५ अंशांचं काम आहे, उणे १५ वरून २० वर न्यायला ३५ अंशांचं. एसीपेक्षा हीटर महाग, तो असा.

ताईचे उपचार मागच्या वसंतात संपले. तपासण्या सुरू आहेत आणि आतापर्यंतच्या ठीक आल्या आहेत. बोटांची बधिरता थोडी राहिली आहे. आम्ही त्या हिवाळ्यात तो रस्ता चौदा वेळा केला. तिने तिच्या तुकडीला नमस्कार सांगितला आहे आणि सर्व गुरुजनांनाही. तिचा एक निरोप तिने अक्षरशः लिहून दिलाय, तो वाचते: "गाडीची किंमत, रंग, वेग मला काही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की सहा महिन्यांत त्या गाडीत मला एकदाही थंडी वाजली नाही."

गाडी घेताना तुम्हीही आधी ठरवा, मागच्या सीटवर कोण बसणार आहे.