वर्गांतील भ्रमणध्वनि

ज्या साधनानें माझा आवाज आज आपल्या घरांत येत आहे, तें साधनही एके काळीं नवखें होतें. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं नभोवाणीकेंद्राचें उद्घाटन झालें आणि घरबसल्या दूरच्या वक्त्याचें भाषण ऐकण्याची सोय झाली. परंतु ऐकणाऱ्यानें लक्ष द्यावें कीं नाहीं, ही गोष्ट यंत्राच्या हातीं त्या दिवशींही नव्हती आणि आजही नाहीं. मला बोलावयाचें आहे तें अशाच दुसऱ्या एका यंत्राविषयीं. तें आपल्यापैकीं बहुतेकांच्या खिशांत या क्षणींही असेल. महाविद्यालयाच्या वर्गांत मोबाइल फोनला जागा असावी काय, आणि असलीच तर ती कोणती, हा आजचा प्रश्न आहे.

मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. आमच्या वर्गाच्या दाराशीं कित्येक वर्षें एक लांकडी पेटी असे. आंत शिरतांना प्रत्येकानें आपला फोन तींत ठेवावयाचा आणि तास संपल्यावर उचलून न्यावयाचा, असा माझा दंडक होता. त्याचा मला थोडा अभिमानही होता. पुढें मार्च २०२० मध्यें साथीमुळें महाविद्यालयें बंद झालीं, आणि ज्या वस्तूला मीं दाराशीं अडवून ठेविलें होतें, तिच्याच आंत माझा वर्ग भरूं लागला. महाविद्यालयें पुन्हां उघडलीं तेव्हां ती पेटी आपल्या जागीं होती. पण कालपर्यंत ज्याच्यावांचून शिकवितां आलें नाहीं, त्याला आज चोर कसें म्हणावें, हें मला समजेना.

प्रथम या यंत्राची विद्या काय, तें पाहूं. आपण त्याला बोलण्याचें साधन म्हणतों, परंतु त्याच्या पोटांत एक लहानशी प्रयोगशाळाच दडलेली आहे. फोन आडवा धरतांच त्यावरील चित्र आडवें होतें, याचें कारण त्यांत त्वरण मोजणारें एक सूक्ष्म उपकरण असतें. दिशा दाखविण्यासाठीं चुंबकीय क्षेत्र मोजणारें उपकरण पुष्कळ फोनांत असतें. कांहींत हवेचा दाब मोजणारा वायुभारमापकही असतो. ध्वनि टिपणारें उपकरण तर सर्वांतच आहे. जर्मनींतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाच्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञांनीं २०१६ मध्यें ‘फायफॉक्स’ नांवाची एक योजना तयार करून जगाला विनामूल्य दिली. तिच्या साहाय्यानें या उपकरणांचीं मापें विद्यार्थ्याला पडद्यावर सरळ वाचतां येतात.

हें कळल्यावर मला मोठा उत्साह आला, आणि त्या उत्साहांतच मीं चूक केली. एके दिवशीं पेटी बाजूला सारून मीं वर्गाला सांगितलें, “आज प्रत्येकानें आपापला फोन बाहेर काढावा.” पांच मिनिटांत वर्गाचें रूप पालटलें. कांहीं मुलें प्रयोग करूं लागलीं खरीं, परंतु कोणाला मित्राचा निरोप आला, कोणी क्रिकेटचा धावफलक पाहूं लागला, आणि पुष्कळांच्या माना खालीं गेल्या त्या वर आल्याच नाहींत. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली होती. मीं विचारलें, “तुझा फोन कोठें आहे?” ती उठून हळूच म्हणाली, “सर, आमच्या घरांत एकच फोन आहे. तो वडील कामावर घेऊन जातात.” सबंध वर्ग मागें वळून तिच्याकडे पाहूं लागला. टाळेबंदीच्या काळांत ही मुलगी माझ्या तासांना वारंवार गैरहजर असे, आणि मीं तिची गणना आळशांत केली होती, हें मला त्या क्षणीं आठवलें. त्या रात्रीं मला नीट झोंप लागली नाहीं.

पुढच्या आठवड्यांत मीं बेत बदलला. सहा सहा विद्यार्थ्यांचे गट केले. प्रत्येक गटाला दोनच फोन, बाकीचे पेटींत. काम दिलें हवेंतील ध्वनीचा वेग मोजण्याचें. दोन फोन पांच मीटर अंतरावर ठेवावयाचे आणि प्रत्येकाजवळ एकेकानें उभें राहावयाचें. पहिला आवाज ऐकतांच फोनमधील घड्याळ सुरू होतें आणि दुसरा ऐकतांच थांबतें. पहिल्यानें टाळी वाजविली कीं जवळचा फोन तत्काळ सुरू होतो, दूरचा किंचित् उशिरानें. मग दुसऱ्यानें टाळी वाजविली कीं त्याच्या जवळचा आधीं थांबतो आणि पलीकडचा मागाहून. दोन्ही घड्याळांतील फरक म्हणजे ध्वनीला दहा मीटर जाण्यास लागणारा वेळ. तो सेकंदाच्या हजार भागांपैकीं सुमारें २९ भाग इतका असतो. साध्या घड्याळानें आणि मनुष्याच्या बोटानें हें मापन कधींच साधलें नसतें.

दोन गटांचें उत्तर सेकंदास ३४५ मीटरांच्या आसपास आलें. तिसऱ्या गटाचें आलें ४०८. मुलें म्हणालीं, फोन बिघडला असेल. मीं म्हटलें, “फोनला दोष देण्यापूर्वीं वहींत आकृति काढून पाहा.” ती मुलगी याच गटांत होती. आकृति काढतां काढतां तिच्या ध्यानांत आलें कीं, एक टाळी वाजविणारा फोनच्या अगदीं शेजारीं उभा नव्हता. तो एक पाऊल आंतल्या बाजूस सरकला होता. त्यामुळें ध्वनीचा मार्ग कमी झाला, फरक लहान आला आणि वेग उगीच वाढला. त्याला मागें सरकवून त्यांनीं प्रयोग पुन्हां केला, आणि उत्तर ठीक आलें. श्रोतेहो, सेकंदाचा सहस्रांश फोननें मोजला, परंतु चूक शोधली ती पेन्सिलीनें आणि विचारानें. आणि ज्या मुलीजवळ फोन नव्हता, तिला त्या दिवशीं कांहीं उणें पडलें नाहीं.

एकाग्रतेविषयींची पालकांची चिंता मात्र मी हंसण्यावारी नेणार नाहीं. अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठांतील संशोधकांचा एक प्रयोग २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ८०० लोकांना बुद्धीचीं कामें देण्यांत आलीं होतीं. कांहींचे फोन मेजावर, कांहींचे खिशांत अथवा पिशवींत, तर कांहींचे दुसऱ्या खोलींत होते. दुसऱ्या खोलींत फोन ठेवणाऱ्यांचें काम मेजावर ठेवणाऱ्यांपेक्षां सरस ठरलें. पुढें इतरांनीं केलेल्या प्रयोगांत हा परिणाम सर्वत्र तितकाच आढळला असें नाहीं. तरीहि माझ्या वर्गाचा अनुभव त्याच दिशेचा आहे. म्हणून ती पेटी मीं फेंकून दिलेली नाहीं. काम असेल तेव्हां फोन तींतून बाहेर येतो, काम संपतांच आंत जातो.

हें केवळ शास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरतें आहे, असेंही नाहीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें निघाला. त्याची दुसरी आवृत्ति १८५७ ची. तो जाडजूड ग्रंथ ग्रंथालयाच्या कपाटांतून काढून वर्गांत फिरविणें कोणास जमणार? आज शिकागो विद्यापीठाच्या संग्रहांतून तो, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही, फोनवर पाहतां येतो. माझे एक मराठीचे सहकारी बाकामागें एक फोन काढावयास सांगतात आणि जुन्या गद्यांतील एखादा शब्द दोन्ही कोशांत शोधावयास लावतात. अर्थ सांपडला म्हणजे काम संपलें, असें ते मानीत नाहींत. या वाक्यांत त्यांपैकीं कोणता अर्थ लागू पडतो आणि कां, हें मुलांना उभें राहून सांगावें लागतें. शोधणें यंत्राकडे आणि निवडणें विद्यार्थ्याकडे, ही वांटणी मला शहाणपणाची वाटते.

तेव्हां माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. वर्गांतील फोन हा सूक्ष्मदर्शकासारखा असावा: ठराविक प्रश्नासाठीं काढावा, चार जणांनीं मिळून पाहावा, आणि पाहून झाल्यावर झांकून ठेवावा. ज्या कामासाठीं प्रत्येकाजवळ स्वतःचा फोन असणें अवश्य आहे, तें काम वर्गांत देतांना अध्यापकानें दहादां विचार करावा. फोन असणें ही विद्यार्थ्याची योग्यता नव्हे, आणि नसणें हा त्याचा अपराध नव्हे. आणि आपण पालकांनींही सायंकाळीं मुलाला “आज फोन किती वेळ पाहिलास?” एवढेंच न विचारतां, “आज त्यानें काय मोजलेंस, काय शोधलेंस?” असेंही विचारावें. उत्तर आलें तर उत्तमच. न आलें, तर आम्हां अध्यापकांना येऊन विचारावें. तो आपला अधिकार आहे.

त्या मुलीची मीं पुढें एकांतांत क्षमा मागितली. ती नुसती हंसली आणि म्हणाली, “सर, पुढच्या प्रयोगाला मोजपट्टी मीच धरीन.”