हरित कार्यालय : पाया घालण्यापूर्वीचा विवेक



वाशी हे खाडीकाठी वसविलेले नियोजित नगर. सिडकोच्या पहिल्या काही दशकांतील अनेक इमारती आज जीर्ण झाल्या असून त्यांच्या जागी उंच वास्तू उभ्या राहत आहेत. त्यांत व्यापारी पेढ्यांची कार्यालयेही आहेत. इमारत एकदा उभी राहिली की दोन पिढ्या ती वापरतात. आराखड्यातील चूकही तेवढीच वर्षे विजेच्या बिलातून फेडावी लागते. म्हणूनच हा विषय पाया घालण्यापूर्वी विचारात घेण्याचा आहे.

हरित इमारत म्हटले की गच्चीवरील सौर पॅनेल आणि प्रवेशद्वारातील कुंड्या डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः तिचा प्रारंभ यंत्रांपासून नव्हे, तर गरज कमी करण्यापासून होतो. प्रथम उष्णता आत येऊ न देणे, नंतर नैसर्गिक उजेड घेणे आणि त्यानंतर उरलेल्या गरजेपुरती यंत्रे बसविणे, असा हा क्रम आहे. तो उलटला तर खर्च वाढतो आणि हेतूही साधत नाही.

वाशी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मध्यान्हीचा सूर्य उंच असल्याने दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जाही चांगली सावली देतो. पश्चिमेचे कलते ऊन मात्र छज्ज्याखालून थेट आत शिरते. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेस ठेवाव्यात आणि पश्चिमेस जिने, प्रसाधनगृहे, सामानाच्या खोल्या घ्याव्यात. या निर्णयाला फारसा वेगळा खर्च येत नाही. याउलट पश्चिमेला अखंड काच लावणे म्हणजे उन्हाला घरात बोलावून त्याला बाहेर घालविण्यासाठी वीज जाळणे होय.

या विचाराची उत्तम उदाहरणे देशात आहेत. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ मध्ये ‘लीड’ पद्धतीचे प्लॅटिनम मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेर हा मान मिळविणारी ती पहिली वास्तू ठरली. वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी तिची रचना मध्यवर्ती चौकाभोवती केली आणि जुन्या वाड्या-महालांतील जाळीचा उपयोग केला. तेथील सांडपाणी वनस्पतींच्या मुळांच्या साहाय्याने शुद्ध होते. पुण्यात हडपसर येथे ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी सुझलॉन कंपनीसाठी ‘वन अर्थ’ हे संकुल उभारले. बहुमजली मनोऱ्याऐवजी बैठ्या इमारती आणि मोकळे चौक तेथे योजले गेले. भिंतींबाहेरील झडपांनी ऊन अडविले, तर परिसरातच सौर व पवन ऊर्जेची निर्मिती केली गेली. बेलापूर येथील महापालिकेचे मुख्यालय २०१४ पासून वापरात आले. तेही हरित इमारत म्हणूनच बांधले गेले.

पाण्याच्या बाबतीत वाशीची स्थिती वेगळी आहे. खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत पाणी मुरविण्याला मर्यादा पडतात. म्हणून छतावरील पावसाचे पाणी टाकीत साठविणे अधिक उपयुक्त ठरते. शहराला पाणी येते ते मोरबे धरणातून, दूर खालापूरकडून. ते शौचालयात सोडून देण्याऐवजी तेथे शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे. पाणी गाळून वापरणाऱ्या समाजाला थेंबाचे मोल सांगावे लागू नये.

अर्थात, मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले म्हणजे कर्तव्य संपले, असे नाही. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते. उत्तम आराखड्याच्या इमारतीतही दिवसा पडदे ओढून दिवे लावले, तर सारे व्यर्थ. वास्तू हरित होते ती वास्तुविशारदाच्या बुद्धीने. हरित राहते ती तेथे बसणाऱ्यांच्या संयमाने.

म्हणून नवे कार्यालय बांधू इच्छिणाऱ्याने वास्तुविशारदाला पहिला प्रश्न ‘किती चौरस फूट मिळतील?’ असा विचारू नये. ‘किती कमी विजेत आणि पाण्यात काम भागेल?’ असा विचारावा. अपरिग्रहाचा अर्थ विटा-सिमेंटात उतरविण्याची ही संधी आहे. बांधकाम पूर्ण झाल्यावर ती पुन्हा मिळत नाही.

जय जिनेंद्र.