दिवसांचा हिशोब आपल्या हाती ठेवा
(शहादे तालुक्यातील एका खेड्यात कामकरी मंडळींपुढे केलेले भाषण)



आम्ही पडलो खेड्यातील शाळामास्तर. वकिली आमचा धंदा नव्हे. तरी आज आम्हीच चार शब्द बोलावे अशी आपली इच्छा दिसली. त्याचे कारण आपण जाणताच. आपल्या गावची चार मुले एका कारखान्यात कामास होती. कोणास आठ महिने झाले, कोणास अकरा. परवा मुकादमाने सांगितले, "काम कमी झाले, उद्यापासून येऊ नका." मुले खाली मान घालून घरी आली. त्यांतील एक आमचाच विद्यार्थी. आम्ही विचारले, "बाबा, तुझे दिवस किती भरले?" तो म्हणाला, "गुरुजी, ते शेठच्या वहीत असतील."

बंधूंनो, आपले सारे दुखणे या एका उत्तरात आहे. आपल्या बापआज्यांनी सालदारी केली. आखाजीला साल ठरे, आखाजीला संपे. उचल किती, खाडे किती, हे सारे मालकाच्या वहीत. आपण फक्त अंगठा उठवावयाचा. १९७२ च्या सुमारास याच शहाद्याच्या भागात अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांनी शेतमजुरांची बाजू उभी केली, तेव्हा कोठे मजुराने तोंड उघडले. आता नातू कारखान्यात गेला, हाती मोबाईल आला. परंतु वही अजून मालकाचीच आहे!

कायदा काय म्हणतो ते ऐका. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगार कपातीच्या भरपाईची कलमे आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तरी मुख्य गोष्ट तीच राहिली. मागील बारा महिन्यांत ज्याचे २४० दिवस भरले, त्याची एक वर्षाची सेवा झाली असे धरतात. अशा कामगारास काम नाही म्हणून काढावयाचे तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यावी, किंवा नोटिशीऐवजी महिन्याचा पगार द्यावा. शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा. कपात करताना जो शेवटी आला तो आधी जावा, हा सर्वसाधारण नियम. तो मोडला तर मालकाने कारण नोंदवावे.

आता कोणी म्हणेल, आमचे तर आठच महिने झाले. पण २४० दिवसांसाठी पंचांगाचे पुरे वर्ष भरावे लागत नाही. आणि पगारी रविवार व पगारी सुट्ट्याही या दिवसांत मोजाव्यात, असा सुप्रीम कोर्टाने १९८५ साली निवाडा दिला आहे. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. पगारी झालेला तोच रविवार आज कामगाराच्या हिशोबात दिवस म्हणून उभा राहतो. पुरुषार्थ वाया जात नाही तो असा!

परंतु एक अडचण मोठी आहे. २४० दिवस भरले हे सिद्ध कोणी करावयाचे? कामगाराने. वनखात्याच्या एका रोजंदारी मजुराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितले की, नुसते शपथेवर "मी काम केले" म्हणणे पुरे नाही, पुरावा पाहिजे. मालकाचे हजेरीपुस्तक कोर्टापुढे मागविता येते हे खरे. पण आपल्यापाशी काहीच नसेल तर मागणीस जोर कोठून यावा?

आमच्या त्या विद्यार्थ्यास घेऊन आम्ही दोन रात्री बसलो. बँकेत जमा झालेला पगार पाहून दिवस मांडले. पहिले दोन महिने पगार रोखीने मिळाला होता. त्याचा चिटोराही नाही. जे दाखविता येतात ते दिवस २४० पर्यंत पोहोचत नाहीत. मुलाने घाम गाळला, तो खरा. कागद नाही, म्हणून तो खोटा ठरण्याची पाळी आली! यात दोष आमचाही आहे. पाच वर्षे आम्ही रोज त्याची हजेरी घेतली. पण स्वतःची हजेरी स्वतः मांडावयास त्यास शिकविले नाही.

ज्यांचे दिवस कमी भरले, त्यांनीही रिकाम्या हाताने परत येऊ नये. काढल्यापासून कामाच्या दोन दिवसांत राहिलेला पगार मिळाला पाहिजे. वर्षाच्या आत मालकाने पुन्हा माणसे घेतली, तर कपात झालेल्यांना आधी विचारले पाहिजे. हा हक्क २४० दिवस न भरलेल्यांनाही आहे, असे सुप्रीम कोर्टाने १९९६ साली जुन्या कायद्यावर म्हटले आहे. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारास नवे कसब शिकण्यासाठी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम निधीतून देण्याची तरतूदही ठेवली आहे.

खोटी आशा मात्र आम्ही दाखविणार नाही. ठराविक मुदतीचा करार संपला तर ती कपात धरत नाहीत. म्हणून सही करण्याआधी कागदावरची मुदत वाचा. साखर कारखान्याचा हंगाम संपला म्हणजे हंगामी कामगाराची कपात झाली असे होत नाही, हे १९९५ साली ठरले. आणि आम्ही मास्तर तर त्या कायद्याच्या व्याख्येत कामगारच नव्हे, असा गोव्याच्या एका प्रकरणात १९८८ साली निकाल झाला! दुसऱ्याच्या हक्काची वही लिहावयास मात्र आम्हांस कोणी अडविलेले नाही.

तेव्हा करावयाचे ते इतकेच. प्रत्येकाने एक वही करावी. रोज रात्री तारीख, पाळी आणि मिळालेले पैसे लिहावे. ज्यास लिहिता येत नाही त्याने घरातील शाळकरी मुलीकडून लिहवून घ्यावे. पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर जपून ठेवावा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. काढले तर लेखी मागावे, आणि घरी बसून न राहता चौघांनी मिळून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जावे. दोन वर्षे उलटली तर समेट अधिकाऱ्याकडेही दाद लागत नाही.

दर रविवारी सायंकाळी शाळेच्या ओट्यावर आम्ही बसत जाऊ. वही घेऊन या. पहिली वही त्या चार मुलांची. तिचे पहिले पान आज भाषण संपताच लिहावयाचे आहे. कोणापाशी त्या रोखीच्या दोन महिन्यांचा एखादा कागद, फोटो, सोबत्याची साक्ष असेल, त्याने ती आजच आणून द्यावी.