पैशाइतकाच वेळही मोलाचा

२०२३ साली इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी, ते जिथे शिकले त्या पवईच्या आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. या संस्थेशी त्यांचं नातं जडल्याला तेव्हा ५० वर्षं झाली होती. बातमी देशभर गाजली, गाजायलाच हवी होती. पण याच संस्थेत विद्यार्थ्यांचा एक गट शिकणाऱ्या मुलांची जोडी माजी विद्यार्थ्यांशी लावून देतो. तिथे पैसा नाही, वेळ मिळतो. त्याची बातमी होत नाही.

असा वेळ देणारे माजी विद्यार्थी प्रत्येक कॉलेजला लाभू शकतात. अडतं ते कॉलेजच्या आतच. पत्ते माजी विद्यार्थी संघाकडे असतात, कंपन्यांच्या ओळखी प्लेसमेंट विभागाकडे. कोणत्या मुलाचं कुठे अडलं आहे हे ठाऊक असतं शिक्षकांना आणि वसतिगृहाच्या रेक्टरांना. प्रत्येकाची वही वेगळी. मग एकाच माणसाला आठवड्यात तीन फोन जातात आणि दुसऱ्याला वर्षभर एकही नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. तिथे प्रवेशासाठी अर्ज केलेल्या मुलांना भेटायला जगभरचे माजी विद्यार्थी पुढे येतात. त्यांना ‘एज्युकेशनल काउन्सेलर’ म्हणतात. मुलाखत कशी घ्यायची, अहवाल कसा लिहायचा, हे प्रवेश विभाग त्यांना समजावतो. निर्णय विभागाचाच राहतो. काम नेमकं, मुदत ठरलेली, आणि लिहिलेलं कुणीतरी वाचतं. स्वयंसेवक टिकतो तो या शेवटच्या गोष्टीमुळे.

आपल्याकडे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र जागा मिळाली. त्यामुळे संघ उभे राहिले, मेळावे भरू लागले, हे चांगलंच झालं. आता पुढचं पाऊल हवं. मेळाव्यात सत्कार झालेल्या अभियंत्याला, ‘तिसऱ्या वर्षाच्या या दोन मुलांचा प्रकल्प महिन्यातून तासभर पाहाल का?’ असं तिथल्या तिथे विचारता आलं पाहिजे. त्यासाठी विभागप्रमुख तिथे हजर हवेत आणि मुलांची नावं आधीच काढलेली हवीत.

अशा माजी विद्यार्थ्यांसाठी वर्गाची दारंही उघडली आहेत. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून अनुभवी व्यावसायिकांना, अगदी मानद तत्त्वावरही, नेमण्याची मुभा यूजीसीने २०२२ मध्ये दिली.

तेव्हा प्राचार्यांनी पुढच्या मेळाव्याआधी विभागप्रमुख, रेक्टर, प्लेसमेंट अधिकारी आणि संघाचे चिटणीस यांना एकत्र बसवून एकच यादी करावी. आणि ज्यांनी कॉलेज केव्हाच सोडलं आहे, अशा श्रोत्यांनी फोनची वाट पाहू नये. महिन्याला किती तास देता येतील, ते आपल्या विभागाला स्वतःहून कळवावं.