घरातील वीज आणि परवान्याची हद्द

परवानाधारक विद्युत ठेकेदार, आणि वीजतंत्री व तारतंत्री बंधुभगिनींनो,

या अधिवेशनाचा अध्यक्ष या नात्याने, आपल्या व्यवसायात ज्या तक्रारीचा उच्चार पुनःपुन्हा होतो, तिचाच विचार आज मांडावा असे मी योजिले आहे. घरमालक स्वतःच पक्कड व टेस्टर घेऊन स्विचबोर्ड उघडतो, काम बिघडले म्हणजे आपणांस पाचारण करतो, आणि आपण सल्ला देऊ लागलो की आपल्याशीच हुज्जत घालतो, ही आपली तक्रार. वायरमन कबूल केलेल्या दिवशी येत नाही, काय केले ते सांगत नाही, आणि साधा प्रश्न विचारला तरी ‘तुम्ही हात लावू नका’ एवढ्यावर बोळवण करतो, ही त्याची. उभय पक्षांचे म्हणणे ऐकून माझे मत असे बनले आहे की, या वादात कायदा पुष्कळसा आपल्या बाजूचा असला, तरी वर्तनाचा दोष बव्हंशी आपल्याकडे येतो.

कायद्याने नेमके काय म्हटले आहे ते आपण तरी नीट वाचले पाहिजे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील 45 व्या नियमाने वायरिंगचे काम, मग ते नवे असो, वाढीव असो वा दुरुस्तीचे असो, परवानाधारक ठेकेदाराने प्रमाणपत्रधारक इसमाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच करावे असे बंधन घातले. परंतु त्याच नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलण्याची मुभाही ठेवली, मात्र त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप पालटता कामा नये अशी अट घालून. 2003 चा विद्युत कायदा आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 साली जे विनियम केले, त्यांतही हीच विभागणी कायम राहिली. म्हणजे नियमकर्त्यांनी घरमालकाला सरसकट मज्जाव केलेला नाही. त्यांनी एक हद्द आखून दिली आहे. ती हद्द समजावून सांगण्याऐवजी आपण होल्डर बदलणाऱ्यालाही आणि गीझरसाठी नवी लाइन ओढणाऱ्यालाही एकाच सुरात दटावतो, आणि मग पहिल्या बाबतीत आपले भय अनाठायी होते हे अनुभवाने कळल्यामुळे तो दुसऱ्या बाबतीतही आपल्यावर विश्वास ठेवीत नाही.

क्षमता पालटणे म्हणजे काय, हे त्याला स्वतःहून उमगणारे नाही. किटकॅट फ्यूजच्या काळात एक तार वारंवार वितळते म्हणून दोन-तीन तारा पिळून घालणारे सद्गृहस्थ घरोघर होते. आज तोच मनुष्य 20 अँपिअरचा एम.सी.बी. सारखा पडतो म्हणून बाजारातून 32 अँपिअरचा आणतो आणि त्याच 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेवर बसवितो. एम.सी.बी. पडण्याचे थांबते, घरात समाधान होते, आणि भिंतीतल्या पाइपात ती तार तापत राहून तिचे आवरण दिवसेंदिवस ठिसूळ होत जाते. एम.सी.बी. हा प्रथम त्या तारेचा रक्षक आहे, ही गोष्ट कोणी सांगितलीच नाही, तर त्या बिचाऱ्याने ती कोठून जाणावी?

याहून भयंकर प्रकार अर्थिंगचा, आणि त्याविषयी मला सविस्तर बोलावयाचे आहे. जुन्या बॅटन वायरिंगच्या घरात वॉशिंग मशीन येते, तिला तीन पिनांचा प्लग असतो, आणि बोर्डापर्यंत अर्थची तार आलेलीच नसते. अशा वेळी सॉकेटच्या वरच्या जाड पिनेचा स्क्रू सैल करून न्यूट्रलवरून तारेचा एक तुकडा तेथे जोडून दिला जातो. मशीन उत्तम चालते, टेस्टर योग्य जागी पेटतो, सर्व काही यथास्थित दिसते. पुढे केव्हातरी मागचा न्यूट्रलचा जोड सैल होऊन सुटतो, किंवा दुरुस्तीत कोणाकडून फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल होते, आणि तत्क्षणी त्या मशीनच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येऊन उभे राहतात. तेही ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताखाली. असले काम चालू झाले म्हणून बरोबर ठरत नाही; ते मोजावेच लागते. परंतु बंधूंनो, तारेचा तो तुकडा केवळ हौशी घरमालकच जोडतात काय? आपल्यापैकीच परवाना बाळगणाऱ्यांनी, वेळ वाचविण्यासाठी, तो जोडलेला मी अनेक घरांत माझ्या हाताने काढला आहे. त्या घरमालकाने जे केले ते अज्ञानाने. आपल्या माणसाने केले ते जाणूनबुजून, आणि या दोहोंत अधिक गंभीर कसूर कोणता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

ज्ञान दडवून ठेवल्याने आपल्या धंद्याचे रक्षण होईल ही समजूत मला सर्वथा अमान्य आहे. ज्या घरमालकाला आपण मेगरचा आकडा दाखवून त्याचा अर्थ सांगतो, तो मेगर विकत घ्यायला धावत नाही. आपल्या डोळ्यांना न दिसणारे काही तपासावे लागते, हे त्याला त्या क्षणी पटते आणि पुढच्या वेळी तो काम सुरू होण्यापूर्वीच आपणांस बोलावतो. नव्या जोडणीच्या वेळी आपण जो टेस्ट रिपोर्ट सादर करतो, तो वीज कंपनीच्या दफ्तरात जातो. ज्याच्या छताखाली ती वीज खेळणार, त्याच्या हाती मात्र बहुधा कागदाचा कपटाही पडत नाही.

म्हणून उद्याच्या खुल्या बैठकीत एक ठराव आपल्यापुढे येईल. काम पुरे झाल्यावर कोणता एम.सी.बी. कोणत्या खोलीचा, त्यामागील तार किती जाडीची, अर्थिंग कोठून घेतले, आर.सी.सी.बी.ची कळ दाबून परीक्षा कशी करावी, आणि काय बदलण्याची मुभा घरमालकास आहे व कोठून पुढे नाही, हे मराठीत लिहिलेला व ठेकेदाराच्या सहीचा कागद डी.बी.च्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविल्याखेरीज अखेरचे बिल मागू नये, असा त्याचा मसुदा आहे. काही सभासदांनी त्यास हरकत घेतली आहे. त्यांचे म्हणणे प्रथम ऐकून घेतले जाईल, आणि त्यानंतर ठराव मताला टाकला जाईल.