भूक निराळी, ओढ निराळी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



२०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने आपल्या देशात आली. तेव्हापासून डोंबिवलीतही चार बायका जमल्या की त्यांचा विषय निघतोच. मी काही डॉक्टरीण नव्हे, शिकले सातवीपर्यंत. पण वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे उमगले, ते आपल्या घरगुती भाषेत सांगते.

आपण जेवलो की आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे एक द्रव्य रक्तात येते. ते मेंदूला निरोप देते, ‘आता पुरे.’ हे द्रव्य थोड्या मिनिटांतच विरून जाते. वेगोव्हीतले सेमाग्लुटाइड हे औषध तोच निरोप देते, पण आठवडाभर टिकते. म्हणून सुई आठवड्यातून एकदाच. पोटही सावकाश रिकामे होते आणि थोड्या जेवणाने तृप्ती होते.

पण खाणे काही केवळ भुकेने होत नाही. पोटभर वरणभात जेवून फडके रोडने निघावे, आणि गरम जिलबीचा वास आला की पाय थबकावेत, ही भूक नव्हे. ही ओढ. मेंदूत सुखाची आठवण ठेवणारी एक वाट असते. डोपामाइन नावाचे द्रव्य त्या वाटेवर काम करते आणि ‘पुन्हा हवे’ असा लकडा लावते. हे औषध त्या वाटेवरही परिणाम करते असे दिसते. खाण्याचे विचार डोक्यात सारखे घोळत ते शांत झाले, असे औषध घेणारे पुष्कळ जण सांगतात. २०२५ साली अमेरिकेतला ४८ माणसांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ह्याच औषधाने दारूचीही ओढ कमी झालेली आढळली.

म्हणूनच माझे सांगणे, की ‘तिचा जिभेवर ताबा नाही’ असे कोणा सुनेला, शेजारणीला वा वाढत्या मुलीला म्हणू नये. ही ओढ कोणात सौम्य असते, कोणात तीव्र. तो स्वभावाचा दोष नव्हे. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणारीला ‘आयती बारीक झाली’ म्हणून हिणवूही नये.

मात्र ही जादूची कांडी नव्हे. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १५ टक्के उतरले. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. औषध थांबले की निरोपही थांबतो. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतात. क्वचित पित्ताशयात खडे होतात, स्वादुपिंडाला सूज येते. चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून डाळी, उसळी, दूध आणि व्यायाम सोडून चालत नाही. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधीच बंद करावे लागते. तेव्हा लग्नात शालू शोभावा एवढ्यासाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, हे कोणी घेऊ नये.

आरशावरूनही काही ठरवू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे एक इंग्रज डॉक्टर मित्र ह्यांनी २००४ साली स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, पण अंगातली चरबी इंग्रजाची ९ टक्के, तर आपल्या डॉक्टरांची २१ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या बाईनेही पोटाचा घेर आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी, ती याचसाठी.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे आग्रहाशिवाय पंगत होत नाही. पाहुणीचे शरीर ‘पुरे’ म्हणत असते आणि आपण ‘एवढा एक लाडू घ्याच’ म्हणून पानात टाकतो. हा निरोप ऐकायला सुई लागू नये असे वाटत असेल, तर ‘पुरे’ म्हणणारीचा मान राखू या. आजच्या अल्पोपहारापासूनच सुरुवात करू.