मदतीच्या नियमांमागील देणगी

परदेशी मदत म्हटली की आपल्याकडील जुन्या पिढीला पीएल-४८० चा गहू आठवतो. अमेरिकेत १९५४ साली झालेल्या कायद्यान्वये हे धान्य आपल्या बंदरांत उतरत असे. टंचाईच्या त्या दिवसांत त्याची गरज होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ते अमेरिकन शेतकऱ्यांनीच पिकविलेले असावे आणि त्यातील निदान निम्मे अमेरिकन जहाजांतूनच वाहून न्यावे, असे बंधन होते. घेणाऱ्याच्या ताटात काय पडावे हे देणाऱ्याच्या विधिमंडळातील कलमांनी ठरत असे. मदतीचे धोरण म्हणतात ते हेच. ही कलमे अधिक शहाणपणाची व्हावीत म्हणून काही धर्मादाय प्रतिष्ठाने अलीकडे हेतुपुरस्सर अनुदाने देऊ लागली आहेत. या कामाचा परिचय करून देणे, हा आजच्या भाषणाचा हेतू होय.

प्रथम प्रमाण ध्यानात घ्यावे. श्रीमंत राष्ट्रांच्या सरकारांनी २०२४ साली सुमारे २१२ अब्ज डॉलर्सची विकासमदत दिली. जगातील सर्वांत मोठ्या प्रतिष्ठानांपैकी एक असलेल्या गेट्स प्रतिष्ठानाचा वार्षिक खर्च दहा अब्जांच्या आत असतो. कालव्याशेजारी स्वतःची विहीर खणण्यापेक्षा पाटाचे दार केव्हा आणि कोणाकडे उघडावे, याचा विचार करणाऱ्याला चार पैसे द्यावेत, हे गणित त्यातून सुचले.

याचे उत्तम उदाहरण न्यूमोकोकल लसीचे आहे. बालकांतील न्यूमोनियाला कारण होणाऱ्या या जंतूवरील बालकांसाठीची लस अमेरिकेत २०००च्या सुमारास वापरात आली. गरीब देशांतील बालकांना मात्र वाट पाहणेच नशिबी होते. हमखास मागणी नाही म्हणून कंपन्या कारखाने वाढवीत ना, आणि पुरवठा नाही म्हणून सरकारे मागणी नोंदवीत ना. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर (पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत नोबेल पारितोषिकाचे मानकरी) यांनी आगाऊ खरेदीहमीची कल्पना मांडली होती. परंतु अर्थशास्त्रज्ञाची कल्पना आणि अर्थमंत्र्याची स्वाक्षरी यांत फार अंतर असते.

हे अंतर तोडण्यासाठी गेट्स प्रतिष्ठानाने वॉशिंग्टन येथील 'सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट' या संशोधनसंस्थेला अनुदान दिले. तिने अर्थशास्त्रज्ञ, विधिज्ञ व आरोग्यतज्ज्ञांचा अभ्यासगट नेमला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात केवळ तत्त्वे नव्हती, तर कराराच्या अटींचे मसुदेही होते. मसुदा तयार मिळाला की टिपणी पुढे सरकते, हे कार्यालयात काम करणाऱ्यांना सांगावयास नको. इटलीच्या अर्थमंत्रालयाने पुढाकार घेतला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये रोम येथे दीड अब्ज डॉलर्सची हमी जाहीर झाली. इटलीचे ६३.५ कोटी, ब्रिटनचे ४८.५ कोटी, कॅनडाचे २० कोटी, रशियाचे ८ कोटी आणि नॉर्वे व गेट्स प्रतिष्ठान यांचे प्रत्येकी ५ कोटी डॉलर्स, अशी ती वाटणी. प्रतिष्ठानाचा वाटा एक-तीसांश भरतो!

ही योजना शेतमालाच्या हमीभावासारखी समजावी. लस कसोटीस उतरली आणि गरीब देशांनी मागितली, तरच पैसा मिळावयाचा. मात्रेची किंमत साडेतीन डॉलर्सपेक्षा अधिक नसावी, आणि आरंभीच्या काही मात्रांवर तेवढीच अधिक रक्कम निधीतून मिळावी, असे ठरले. डिसेंबर २०१०मध्ये निकाराग्वात लसीकरण सुरू झाले. २०२० अखेर साठ देशांत ही लस पोहोचली. सुमारे सात लाख जीव वाचल्याचा क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे. अंदाज योजनेच्या जनकाचाच असल्याने तो तारतम्याने घ्यावा, हे खरे; तरीही मोठी कामगिरी घडली याविषयी शंका नाही.

टीकाही झाली, आणि ती निराधार नव्हती. सीमारहित डॉक्टरांच्या संघटनेने किंमत जास्त असल्याचे आणि लाभ दोन बड्या कंपन्यांच्याच पदरी पडत असल्याचे सातत्याने मांडले. तिसरा उत्पादक येण्यास दहा वर्षे लागली. तो आला आपल्या पुण्यातून. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला डिसेंबर २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि पुढील वर्षी ती दोन डॉलर्स दराने देण्याचा करार झाला. तिच्या विकासातही गेट्स प्रतिष्ठानाचे अनुदान होते. भारताने ही लस २०१७मध्ये हिमाचल प्रदेशासारख्या मोजक्या राज्यांत सुरू केली व २०२१मध्ये देशभर नेली. आज बाळाच्या लसीकरण पत्रिकेवर दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तिच्या तीन नोंदी असतात.

अनुदान देणाऱ्या अधिकाऱ्याचे काम या कहाणीत दिसत नाही, कारण ते दिसण्याजोगे नसते. प्रस्तावात विद्वत्ता किती, यापेक्षा तो कोणत्या मंत्रालयात, कोणत्या अंदाजपत्रकापूर्वी आणि कोणाच्या मेजावर वाचला जाईल, हे त्याला पाहावे लागते. अमेरिकेच्या १९६९च्या करकायद्याने खाजगी प्रतिष्ठानांना विधेयकांसाठी रदबदली करण्यास मज्जाव केला आहे. निःपक्ष अभ्यासाला मात्र मोकळीक आहे. या चौकटीत राहून त्याने पेरायचे. अहवाल २००५चा, पहिली मात्रा २०१०ची, पुण्याची लस २०२०ची. आणि अनुदानाची मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची. यशाचे श्रेय वाटून घेताना तर सगळेच पुढे येतात.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. ज्याला कोणी निवडून दिलेले नाही, त्या धनिकाने करदात्यांच्या पैशाची वाट का ठरवावी? ग्रामसभेला उत्तर देणाऱ्या पंचायत सदस्याला हा प्रश्न चटकन उमगेल. अभ्यास खुला असला, निर्णय निर्वाचित सरकारांनीच घेतला, तर आक्षेपाची धार कमी होते. नाहीशी होत नाही. घेणाऱ्या देशांचा आवाज मसुद्याच्या वेळीच ऐकला जाणे हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि तेथेच प्रतिष्ठाने अद्याप उणी पडतात.

आता तर पाटातील पाणीच आटत आहे. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के हे मदतीचे प्रमाण २०२१मध्ये ०.५ वर आणले आणि २०२७पर्यंत ०.३ वर नेण्याचे फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केले. १९६१मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या मदतसंस्थेचे काम १ जुलै २०२५ रोजी संपुष्टात आले. ही तूट भरण्याची ऐपत कोणत्याही प्रतिष्ठानात नाही. 'ओपन फिलान्थ्रॉपी', जिचे नाव २०२५मध्ये 'कोइफिशंट गिव्हिंग' झाले, तिने मदतधोरण हे अनुदानाचे स्वतंत्र क्षेत्र मानले आहे. गरीब देशांसाठी लसी खरेदी करणाऱ्या 'गावी' संस्थेने २०२६ ते २०३० या काळासाठी ११.९ अब्ज डॉलर्स मागितले होते. जून २०२५च्या ब्रुसेल्स परिषदेत नऊ अब्जांहून थोडी अधिक आश्वासने मिळाली. उरलेल्या पैशात कोणत्या लसी कोणत्या देशांना प्रथम द्याव्यात, याचा हिशेब आता मांडावा लागणार आहे.